पोकळ झाड का जगते?

मुलांनो, जुन्या चिंचेच्या बुंध्यातील ढोली तुम्ही पाहिली असेल. खोड आतून पोकळ झालेले असते, तरी वर पालवी फुटते आणि चिंचाही लागतात. याउलट, एखाद्या धडधाकट झाडाच्या बुंध्याभोवतीची साल कड्याप्रमाणे काढून टाकली, तर ते झाड पुढे वाळून जाते. असे का व्हावे?

खोड हा केवळ फांद्यांचा भार तोलणारा खांब नव्हे. मुळांनी शोषलेले पाणी खोडाच्या लाकडातील जलवाहिन्यांतून पानांकडे चढते. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातील रसवाहिन्यांतून मुळांकडे उतरते. या दोहोंच्या मध्ये एक अतिशय पातळ, जिवंत थर असतो. तो आतील बाजूस नवे लाकूड व बाहेरील बाजूस नवी साल घडवतो. मधला जुना गाभा मात्र निर्जीव असतो. म्हणून तो कुजला तरी झाड जगते.

इटलीतील शास्त्रज्ञ माल्पिगी यांनी १७व्या शतकात सालीचे असे कडे काढून पाहिले. तेव्हा कापाच्या वरची बाजू फुगली. पानांकडून येणारे अन्न तेथेच अडले होते! बुंध्यावर असा घाव झाला, की मुळांची उपासमार होते. पाने काही काळ हिरवी दिसतात. पण पाणी पुरवणारी मुळेच मेल्यावर तीही सुकतात.

म्हणून सालीवर नाव कोरण्यापूर्वी किंवा बुंध्यास तार आवळण्यापूर्वी क्षणभर थांबा. चाकूच्या टोकाखालीच झाडाचा प्राण वाहत असतो.

प्रश्न : गुरांनी बुंध्याच्या एकाच बाजूची साल खाल्ली, तर झाड जगेल का? सकारण उत्तर लिहा.