सायकलीवर तीन दिवस



सायकल कोणाला माहीत नाही? दूधवाला तिला किटल्या लावतो. शेतकरी तिच्या कॅरिअरवर वैरणीचा भारा बांधतो. मुली तिच्यावरून शाळेला जातात. सायकल म्हणजे काम, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. नुसत्या आनंदासाठी सायकल काढावी, दोन-तीन दिवस हिंडून यावे, हे आपल्याला सुचत नाही. कोणी तसे केलेच, तर "रिकामटेकडा दिसतोय" असे आपण म्हणतो. आम्हीही तसेच म्हणत होतो. एका सहलीने आमचे मत बदलले. तिची हकीकत ऐका.

जायचे ठरले

२०२४ साली २६ जानेवारीला शुक्रवार आला. त्याला शनिवार-रविवार जोडून आले. आमच्या गावच्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "गुरुजी, तीन दिवस मोकळे आहेत. भिलारला जाऊ या. सुट्टीत एसटीला उभं राहायला जागा मिळत नाही. सायकलनं जाऊ."

भिलार हे सातारा जिल्ह्यातले गाव. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये ते आहे. तिथे स्ट्रॉबेरी पिकते. पण त्याची खरी ओळख 'पुस्तकांचे गाव' ही आहे. ४ मे २०१७ रोजी तिथे हा उपक्रम सुरू झाला. गावातली घरे, देवळे, शाळा अशा २५ ठिकाणी पुस्तके ठेवली. कोणीही जावे, बसावे, वाचावे. पैसे पडत नाहीत.

आम्ही पाच जण तयार झालो. ताई, त्यांचा अकरावीतला मुलगा, गावचे शिंपी, दूधवाले तात्या आणि आम्ही स्वतः. आमचे वय ६६. तात्या पन्नाशीचे. दोन वर्षांपूर्वी ते आमच्या साक्षरता वर्गात अक्षरे शिकले.

तात्या आधी तयार नव्हते. म्हणाले, "गुरुजी, म्हशीला सव्वीस जानेवारी कळत नाही. धार काढावीच लागते." शेवटी त्यांच्या धाकट्या भावाने तीन दिवसांचे काम अंगावर घेतले.

आम्ही त्यांना एक हिशेब विचारला. दूध केंद्र ८ किलोमीटरवर. जाऊन-येऊन रोजचे १६ किलोमीटर. वर्षाचे ५,८४०. तात्या २२ वर्षे दूध घालतात. गुणाकार केला, तर १,२८,४८० किलोमीटर झाले! पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीला तीन फेरे घालून वर उरले. तात्या बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि सगळे त्याच एका रस्त्यावर."

सायकलीची तयारी

आदल्या दिवशी सायकली नीट पाहिल्या. चाकांत हवा मारली. चेनला तेल दिले. ब्रेकची रबरे झिजली होती, ती बदलली. मागच्या मडगार्डला लाल चकाकती पट्टी लावली. मोटारीचा दिवा पडला की ती पट्टी चमकते आणि पुढे माणूस आहे हे मागच्याला कळते. हवेचा पंप, पंक्चरचे सामान, एक जादा ट्यूब, पाणी, गूळ-शेंगदाणे आणि एक-एक चादर एवढेच सामान घेतले. हँडलला पिशवी अडकवली नाही. ती चाकात जाते आणि माणूस तोंडावर पडतो.

पहिला दिवस

सकाळी शाळेत झेंडावंदन केले आणि निघालो. आमच्या गावापासून वाई २० किलोमीटर. रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक चाललो. दुपारी वाईला पोहोचलो. मग मेणवलीला गेलो. तिथे कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आणि दगडी घाट आहे. घाटावर एक मोठी घंटा टांगली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. ही घंटा तिकडचीच. तिच्यावर १७०७ हे साल आहे.

तात्या घाटाच्या पायरीवर बसले. पाय पाण्यात सोडले. म्हणाले, "या वेळेला मी रोज किटल्या धूत असतो." मग अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. आम्हीही त्यांना उठा म्हटले नाही.

रात्री वाईत शिंप्यांच्या मेहुण्यांकडे मुक्काम केला.

घाट आणि आमची चूक

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. सुट्टीत पाचगणीच्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते. त्यांच्याआधी घाट चढावा असा बेत होता.

वाई ते पाचगणी हा पसरणीचा घाट. लांबी सुमारे १२ किलोमीटर, चढ सुमारे ६०० मीटर. आपल्या साध्या सायकलीचे पायडल एकदा पूर्ण फिरले की सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. या घाटात दर ५ मीटरला पाव मीटर चढ आहे. म्हणजे माणूस आणि सायकल मिळून ८०-८५ किलोचे ओझे दर फेऱ्याला वीतभर वर उचलायचे. असे २,४०० वेळा! म्हणूनच साध्या सायकलीवर घाट चढणारा माणूस मध्येमध्ये उतरून चालतो. त्यात कमीपणा नाही.

पण आम्ही पडलो हेडमास्तर. जन्मभर पुढे उभे राहायची सवय. ताई उतरल्या, शिंपी उतरले. आम्ही मात्र उतरलो नाही. सकाळी नुसता चहा घेतला होता. दोन वळणे गेली. तिसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही सायकलीसकट कठड्याशी कलंडलो.

तात्या खरे तर सर्वांच्या पुढे होते. ते मागे वळून आले. आम्हाला सावलीत बसवले, पाणी दिले, हातावर गुळाचा खडा ठेवला. आम्ही म्हणालो, "पाचच मिनिटं. लगेच निघू."

तात्या म्हणाले, "गुरुजी, म्हैस चढावर हाकत नाहीत. हाकली तर बसते. आपण तिच्या चालीनं चालायचं."

आम्ही गप्प बसलो. तासभर विसावा घेतला. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण आम्ही शेकडो मुलांना शिकवली, पण त्या दिवशी स्वतःच विसरलो. पुढे एक नियम केला. ज्याची चाल सर्वांत हळू, त्याने पुढे राहायचे. बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचे. त्यामुळे कोणी एकटे मागे पडत नाही आणि कोणाला ऊर फुटेस्तोवर पळावे लागत नाही. उरलेला घाट आम्ही बराचसा पायीच चढलो. तात्या एका हाताने आपली आणि एका हाताने आमची सायकल ढकलत होते.

वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. चढावर छातीत दुखले किंवा अंधारी आली, तर ताबडतोब थांबावे. छातीत दुखत असेल, तर पुढे न जाता तसेच दवाखाना गाठावा. आम्ही हट्टाने पाचगणीपर्यंत गेलो, हे काही शहाणपणाचे नव्हते. घरी परतल्यावर आम्हीही डॉक्टरांना दाखवले.

हौशी मंडळी

घाटात एका वळणावर पुण्याची आठ-दहा माणसे भेटली. डोक्यावर हेल्मेट, अंगात रंगीत कपडे. तीही सायकलीवरच सुट्टीला निघाली होती. कोणी बँकेत नोकरीला, कोणी डॉक्टर, एक आजीबाई तर आमच्याच वयाच्या. आम्ही विचारले, "एवढा त्रास कशासाठी?" आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "मोटारीतून घाट दिसतो. सायकलीवरून तो कळतो."

त्यांच्या सायकलींना गिअर होते. ताईंच्या मुलाने ते कसे चालतात हे विचारून घेतले. मागच्या चाकाला लहान-मोठी दातेरी चक्रे असतात. चेन मोठ्या चक्रावर घेतली, की एका फेऱ्यात सायकल दोनच मीटर जाते. मग दर फेऱ्याला वीतभर नाही, पाचच बोटे चढायचे. पण फेरे जास्त मारावे लागतात. तात्या म्हणाले, "म्हणजे कर्ज तेवढंच. आपण एकरकमी फेडतो, हे हप्त्यानं फेडतात." त्यावर सगळे हसले. गिअरचे मर्म यापेक्षा सोपे आम्हालाही सांगता आले नसते.

पुस्तकांच्या गावात

पाचगणीला जेवलो आणि दुपारी भिलारला पोहोचलो. घरांच्या भिंतींवर चित्रे होती. प्रत्येक ठिकाणी काय वाचायला मिळेल त्याची पाटी होती. ताई एका घरात शिरल्या, शिंपी दुसऱ्या. तात्या मात्र एका उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जा आत. मी सायकली राखतो."

सायकलींना कुलपे होती. तात्या कशाला भीत होते, हे आम्हाला समजले. घाटात जो माणूस आमच्या पुढे होता, तो इथे मागे राहात होता. आम्ही म्हणालो, "तात्या, इथं तुम्ही पुढं. आम्ही मागून येतो."

ते आत आले. एक जुना दिवाळी अंक उचलला. एका लेखावर गाईचे चित्र होते. तात्या ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. एका शब्दापाशी थांबले. "दु... दुग्... दुग्ध..."

शब्द आमच्या ओठांवर आला होता. चाळीस वर्षे आम्ही हेच केले. मूल अडखळले, की आपण शब्द सांगून मोकळे व्हायचे आणि पुढचा मुलगा उभा करायचा. वर्ग पुढे जात होता, पण मागची मुले मागेच राहात होती. घाटातले तात्यांचे बोलणे आम्हाला आठवले. आम्ही ओठ मिटले आणि वाट पाहिली.

"दुग्धव्... व्यव... दुग्धव्यवसाय!" तात्यांनी मान वर केली. "आयला, हा तर आपलाच धंदा! बावीस वर्षं करतोय आणि नाव आज वाचलं."

त्यांनी तो लेख शेवटपर्यंत वाचला. दीड पान होते. पाऊण तास लागला. ती रात्र आम्ही भिलारमध्येच एका घरी काढली.

उताराचा दिवस

रविवारी परत निघालो. उतार सोपा वाटतो, पण अपघात तिथेच होतात. म्हणून उतरताना हे करावे. वेग आधीपासूनच कमी ठेवावा. दोन्ही ब्रेक बेताने, थांबून थांबून दाबावेत. पुढचा ब्रेक एकदम आवळू नये, नाहीतर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ब्रेक सतत दाबून धरला, तर रिम तापते आणि रबराची पकड कमी होते. म्हणून दोन-तीन किलोमीटरवर थांबून रिम निवू द्यावी. वळणावर दुसऱ्या गाडीच्या पुढे जाऊ नये.

मोटारींची रांग घाटात तासन् तास अडकली होती. आम्ही कडेने सावकाश खाली आलो. संध्याकाळी गावात पोहोचलो. सोमवारी पहाटे तात्या पुन्हा किटल्या लावून निघाले. वाटेत आम्हाला पाहून थांबले. म्हणाले, "गुरुजी, पुढच्या जोडून सुट्ट्या कधी आहेत ते कॅलेंडरात बघून ठेवलंय. माझं मीच वाचलं."

करून पाहा

१. आपण रोज सायकलीवर किती किलोमीटर जाता? वर्षाचा हिशेब मांडा.
२. आपल्या सायकलीचे ब्रेक, हवा आणि चेन आजच तपासा.
३. आपल्या गावापासून सायकलीवर एका दिवसात जाऊन येता येतील, अशी तीन ठिकाणे लिहा.
४. बरोबर कोणाला न्याल? त्यांच्यात सर्वांत हळू कोण चालवतो? त्याला पुढे ठेवा.