छोट्या कारखान्यातील नवप्रवर्तन : मोजावे कसे ?

मुंबई-नागपूर लोहमार्गावर अमरावतीचा फाटा फुटतो तो बडनेऱ्यास. भोवतालचा मुलूख कापसाचा आणि तुरीचा. साहजिकच या परिसरातील उद्योगांत जिनिंग-प्रेसिंग कारखाने व डाळ गिरण्या यांना महत्त्वाचे स्थान आहे. अशा ठिकाणी प्रयोगशाळा नसते, पेटंटसाठी अर्जही क्वचितच जातो. मग तेथे नवे काही घडतच नाही, असे समजावयाचे काय ?

मोजपट्टी बदलली

1963 च्या फ्रास्काती मार्गदर्शिकेने संशोधनावरील खर्च मोजण्याची पद्धत घालून दिली. 1992 च्या ओस्लो मार्गदर्शिकेने पुढचा प्रश्न विचारला : कारखान्याने नवे काय प्रत्यक्ष वापरात आणले ? ते जगाला नवे असण्याची गरज नाही. त्या कारखान्याला नवे किंवा लक्षणीय सुधारलेले असले म्हणजे पुरे. 2005 च्या तिसऱ्या आवृत्तीत विकसनशील देशांतील पाहण्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडण्यात आले.

तुरीचे उदाहरण

तुरीचे टरफल डिंकासारख्या थराने दाण्यास घट्ट चिकटलेले असते. ते सुटावे म्हणून तेल-पाणी लावून दाणे उन्हात वाळवितात. आभाळ आले की काम अडते. टरफलाचा वाटा शेकडा 15 च्या आसपास. तरीही जुन्या पद्धतीत डाळीचा उतारा शेकडा 70 ते 75 इतकाच पडतो. बाकीची चुरी व भुकटी जनावरांच्या खाद्यात जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने लघुउद्योजकांसाठी छोटी डाळ गिरणी विकसित केली. ती घेणाऱ्याचा संशोधनखर्च शून्य. परंतु त्याच्या धंद्यातील बदल मोठा असू शकतो.

नोंदी कोणत्या ठेवाव्यात ?

केवळ यंत्रखरेदी म्हणजे प्रगती नव्हे. क्विंटलमागे डाळ किती, चुरी किती, वीज किती युनिट, वाळवणास दिवस किती, हे बदलापूर्वी व बदलानंतर लिहून ठेवावे. माल एकाच जातीचा व सारख्या ओलाव्याचा असावा. अन्यथा चांगल्या पिकाचे श्रेय यंत्रास जाईल. फसलेला प्रयोगही नोंदवावा.

समजा, उतारा शेकडा 72 वरून 76 वर गेला. रोज 10 क्विंटल तूर भरडणाऱ्या गिरणीत 40 किलो डाळ अधिक मिळेल. पेटंटांच्या यादीत हा बदल दिसणार नाही. पण कर्ज मागताना कारखानदारापाशी दाखविण्यासारखा पुरावा असेल तो हाच. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी आपल्या गावच्या एका गिरणीत अशी वही सुरू करून दिली, तरी मोजणीचा पाया घातला जाईल.