माणसं टिकत नाहीत? आधी तासाचा हिशोब मांडा

व्हिडिओत अवसरी खुर्दच्या मेसचं उदाहरण घेतलं होतं. त्यात आकडे जरा पटापट गेले, म्हणून इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन घेऊनच बसा.

अवसरी खुर्द का घेतलं? गावात शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. बाहेरगावची पोरं-पोरी राहतात, त्यांना दोन वेळचं जेवण लागतं. मंचरची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. त्यामुळे या भागात कुणाला धंदा करायचा असला की पहिला विचार मेसचा नाहीतर डब्याचा येतो. आणि असा धंदा बंद पडला की कारण बहुतेक वेळा एकच ऐकू येतं, "गिऱ्हाईक होतं सर, पण माणसं टिकली नाहीत."

माणसं का टिकली नाहीत, याचं मोजमाप मात्र कुणी केलेलं नसतं. बटाट्याचा भाव तोंडपाठ, गॅसच्या टाक्या किती लागल्या ते तोंडपाठ. पोळ्या लाटणारी मावशी आठवड्यात किती तास उभी होती, ते विचारा. गप्प!

चला, मोजू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा ६० विद्यार्थी, महिना २,८०० रुपये. दोन मावशी. सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ. म्हणजे दिवसाला साडेनऊ तास, महिन्याचे तीस दिवस, एकूण २८५ तास. पगार १०,०००. मालकाला वाटतं, दहा हजार देतोय की! भागाकार करा. तासाला ३५ रुपये.

आता तीच मावशी कांदे काढायला शेतात गेली तर? तुमच्या गावात या आठवड्यात बाईची हजेरी काय चालू आहे ते विचारून या. समजा सात तासांचे ३५०. म्हणजे तासाला ५० रुपये, शिवाय संध्याकाळी ती आपल्या घरी. मग हंगाम आला की मावशी का जाते, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. पोरांचंही तसंच. चाकण-रांजणगावला काँट्रॅक्टवर जायचं, गावात राहून डबे पोचवायचे की पार्सलच्या ॲपवर गाडी चालवायची, हा हिशोब ते तुमच्याआधी करतात.

जगात हे मोजायची पद्धत ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ मध्ये 'डिसेंट वर्क' हा शब्द पुढे आणला. मी त्याला मानाचं काम म्हणतो. त्यांचं म्हणणं असं, की नुसत्या नोकऱ्या किती झाल्या ते मोजून भागत नाही, नोकरी कशी आहे तेही मोजायला हवं. त्यासाठी मिळकत, कामाचे तास, कामाची शाश्वती, सुरक्षितता, विमा-पेन्शन, बाई-पुरुषाला सारखी वागणूक, मालकाशी बोलायची सोय अशी मापं आहेत. त्यात आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम म्हणजे अति काम धरतात. आपल्या उदाहरणातली मावशी किती करते? साडेसहासष्ट तास.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं वाटत असेल तर आपल्याकडचं सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत मागण्या मांडल्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ ठरलेली आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. आंबेगावातून पोटासाठी मुंबईला गेलेली माणसं थोडी नव्हती. महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनूसुद्धा गिरणी कामगारच. त्या चार मागण्या आज तुमच्या मेसला लावून बघा. किती पास होतात?

यातली पगाराची तारीख लोक सगळ्यात हलकी समजतात. मीही समजायचो. माझ्या पहिल्या पॅकिंगच्या धंद्यात "पार्टीचे पैसे आले की देतो" हीच माझी तारीख होती. ऐन दिवाळीच्या आठवड्यात तिघी एकाच दिवशी थांबल्या. पगार कमी म्हणून नाही, कधी मिळणार ते माहीत नाही म्हणून. त्यातल्या एकीने किराणावाल्याकडे माझ्या भरवशावर उधारी केली होती. ते मला पुढे कळलं, तेही दुसऱ्याकडून. आता देशात नवीन श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आणि माणूस काम सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा. किमान वेतनाचा तुमच्या भागाचा आकडा कामगार खात्याकडून बघून घ्या, त्याच्या खाली जायचंच नाही.

बरं, मुद्द्याचं. हे परवडणार कसं?

दोघींचे मिळून ५७० तास होतात. पहिलं काम, रविवारी दुपारी गोडाचं जेवण द्या आणि संध्याकाळी मेस बंद ठेवा. बऱ्याच मेसवाल्यांची ही जुनी पद्धत आहे, पोरंही कुरकुर करत नाहीत. महिन्याचे ३६ तास वाचले, राहिले ५३४. तासाला ५० रुपये धरले तर खर्च २६,७००. आधी होता २०,०००. म्हणजे ६,७०० वाढले.

आता ते तास वाटा. जुन्या दोन्ही मावशींना महिन्याला २०० तास, पगार तोच १०,०००. आठवड्याला ४७ तासांच्या आतच काम. उरलेले १३४ तास, म्हणजे ६,७०० रुपयांत, मुख्यतः संध्याकाळसाठी तिसरी मावशी. ती असल्यामुळे आळीपाळीने सुट्टी देता येते. वाढलेला खर्च साठ जणांत वाटला तर प्रत्येकी महिन्याला ११२ रुपये. दिवसाला चार रुपयांच्या आत. दर वाढवा, नाहीतर थोडा नफा सोडा. पण एकदा मावशी गेली, चार दिवस पोळ्या जाड-करपलेल्या आल्या आणि दहा पोरं दुसरीकडे गेली, तर महिन्याचे २८,००० गेले. तेही लिहा वहीत.

एक सांगतो, हे वाटप तुम्ही एकट्याने ठरवू नका. मावशींना समोर बसवून विचारा. एखादीला तास कमी नको असतील, पैसे जास्त हवे असतील. एखादीच्या पोराची शाळा सकाळी असेल. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला खर्च शून्य.

आणखी एक चोर खर्च आहे. घरची माणसं. आई भाजी निवडते, बायको हिशोब आणि वाढप बघते, पगार कुणालाच नाही. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा माणूसही 'रोजगारात' धरला जातो. आकडेवारीत तिला काम आहे, पदरात मात्र काही नाही. तुमच्या वहीत त्यांचेही तास लिहा आणि तोच दर लावा. तो लावल्यावर मेस तोट्यात दिसली तर ती आधीपासूनच तोट्यात होती, आई भरून काढत होती इतकंच.

विम्याचं पटकन सांगतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. वय १८ ते ७०, बँकेत खातं हवं. तिघींचे मिळून ६० रुपये तुम्हीच भरा. ई-श्रमवर नोंदणी करून द्या. माणसं दहा झाली की ईएसआयसी बघावं लागेल, त्यावर वेगळा व्हिडिओ करू. कामाचे तास, पगार, तारीख आणि सुट्टी लिहिलेलं साधं पत्र मात्र तीन माणसांनाही द्या, सही करून.

आता जे कुठल्याही जागतिक यादीत सापडणार नाही ते. आपल्याकडे उसात बिबट्या आहे. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यावर जास्त सांगायला नको. साडेनऊला मेस आवरून मावशी अंधारात उसाच्या कडेने वस्तीवर चालत जात असेल, तर सुरक्षिततेच्या रकान्यात तुम्हाला शून्य मार्क. डबे पोचवणाऱ्या पोराची शेवटची फेरी वस्तीच्या बाजूने लावा आणि मावशीला गाडीवर घरापर्यंत सोडा. पेट्रोल आणि त्या पोराची वीस मिनिटं दोन्ही धरा, पोराचेही तास मोजायचे आहेत.

वही अशी आखा: नाव, आलेली वेळ, गेलेली वेळ, आठवड्याचे तास, तासाचा दर, पगार दिल्याची तारीख, घरी कशी गेली. शेवटचा रकाना 'सोडून का गेली'. तो भरताना स्वतःचा अंदाज लिहू नका, तिच्या घरी जाऊन विचारा. चार आठवडे भरून झाले की पुढच्या व्हिडिओला वही समोर ठेवा, ताटाचा दर त्यावरूनच काढू.