नांदूर मध्यमेश्वर : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा खर्च वाटेवर होतो. पक्षी अभयारण्याच्या आत शिरल्यावर फार पैसे लागत नाहीत. तरीही बरेच जण पेट्रोल, हॉटेल आणि जेवणावर हजारो रुपये घालतात आणि फाटकाशी येऊन गाईडचे सातशे वाचवतात. हा हिशेब उलटा आहे.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला. त्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, बेटे वर आली आणि पाणवनस्पती माजल्या. पाणी साठवण्याच्या दृष्टीने हे नुकसानच. पण तलवार बदक, थापट्या, भुवई बदक हे पाहुणे डोके पाण्यात खुपसून, शेपूट वर करून तळाचे खातात. खोल पाणी त्यांच्या कामाचे नाही, त्यांना हा गाळच हवा असतो. 1986 साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

प्रवासापासून सुरुवात करू. नाशिकहून अंतर 40-45 किलोमीटर आहे. स्वतःच्या मोटारीने जाऊन-येऊन सहा लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण 650 रुपये. मुंबईकरांना जाऊन-येऊन 450 किलोमीटर पडतात. लिटरला 15 किलोमीटर धरले तर 3,200 रुपयांचे पेट्रोल, शिवाय पडघा आणि घोटी इथले टोल दोन्ही वेळा. पुण्याहून येणाऱ्यांनी नाशिक शहरात शिरूच नये, सिन्नरहूनच निफाडच्या बाजूला वळावे. वेळही वाचतो आणि पेट्रोलही.

एसटीने सगळ्यांत स्वस्त. महिलांना अर्धे तिकीट आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. मुंबईहून रेल्वेने आलात तर आसनाचे तिकीट शंभराच्या आसपास पडते, नाशिक रोडला उतरावे. अडचण येते ती निफाडच्या पुढे. तिथून अभयारण्य 12 किलोमीटर, आणि पक्षी पाहायचे तर उजाडता-उजाडता पोचायला हवे. त्या वेळी रिक्षा आदल्या दिवशी ठरवून ठेवलेली असेल तरच मिळते. थांबण्यासकट जाऊन-येऊन 600 रुपये हिशेबात धरा. एकट्याला हा आकडा जड जातो, तिघांत वाटला की काहीच नाही.

प्रवेश आणि कॅमेऱ्याच्या शुल्कासाठी चौघांच्या कुटुंबाने 500 रुपये बाजूला ठेवावेत. पावती मागून घ्या.

आता गाईड. चापडगावच्या बाजूने आत जाताना गावातली मुले दुर्बीण आणि स्टँडवरचा स्पॉटिंग स्कोप घेऊन बरोबर येतात. आकार तासावर आणि गटावर असतो, माणशी नाही. दोन-तीन तासांसाठी 700 रुपये धरून चला आणि निघण्यापूर्वी दर स्पष्ट बोलून घ्या. भिगवणच्या पाणथळीत पक्षी पाहायला होडी घ्यावी लागते आणि खरा पैसा होडीला जातो. इथे पक्षी काठावरून आणि निरीक्षण मनोऱ्यांवरून पाहायचे असतात, त्यामुळे तो खर्च नाही. वाचलेले पैसे गाईडला द्यावेत. त्याचे महत्त्व नावे सांगण्यापुरते नाही. वरच्या धरणांतून पाणी आले किंवा कालव्यांना आवर्तन सुटले की इथली पातळी बदलते. पाणी चढले की बदके पांगतात, उतरले की चिखलावर तुतवार आणि शराटी जमतात. काल चापडगावला दिसलेला थवा आज खानगाव थडीच्या किंवा मांजरगावच्या बाजूला असू शकतो. हे रोज तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असते. क्रौंचांचा थवा कुठल्या शेतात उतरला आहे, हे कोणतेही ॲप सांगणार नाही.

पहिल्या भेटीसाठी दुर्बीण विकत घेऊ नका, गाईडच्या स्कोपमधून सगळे दिसते. गोडी लागली तर मग 8×42 मापाची बऱ्यापैकी दुर्बीण घ्या, सात ते दहा हजारांत येते. रस्त्यावर मिळणाऱ्या ‘तीसपट’ वगैरे दुर्बिणींवर दोन हजार घालणे म्हणजे ते फुकट घालवणे, कारण हातात धरल्यावर चित्र हलतच राहते. पक्षी ओळखायला मर्लिन ॲप मोफत आहे. त्यातला भारताचा संच घरीच उतरवून घ्या.

मुक्कामाला नाशिकमध्ये साधी स्वच्छ खोली दोन-अडीच हजारांत धरावी. नाताळच्या आठवड्यात तीच महागते आणि मनोऱ्यांवर गर्दीही होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम, त्यातही जानेवारीतला आठवड्याचा मधला वार सगळ्यांत चांगला. स्वेटर, कानटोपी विसरू नका. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकते. न्याहारी बरोबर न्यावी, पण वेष्टने परत आणावीत. ड्रोन नेण्याची परवानगी नाही.

एकूण बेरीज अशी: नाशिकचे चौघांचे कुटुंब जेवणासकट 2,700 रुपयांत सकाळ काढू शकते. मुंबईहून एक मुक्काम, एक खोली, टोल आणि चौघांचे खाणे मिळून दहा-अकरा हजार. या दुसऱ्या आकड्यात अभयारण्याचा वाटा जेमतेम 1,200 रुपयांचा आहे.

म्हणून कपात करायचीच तर हॉटेलात करा. आदल्या दिवशी गाईडला फोन करून पाण्याची पातळी विचारा आणि मगच निघा. आणि फोटोसाठी थवा उडवायला त्याला कधीही सांगू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, तुम्ही उडवलेली प्रत्येक भरारी त्यातून वजा होते.