प्लोव्हदिवमधील ओळखपाळख

एकट्याने परदेशी निघालेल्या मनुष्यास घरची वडीलधारी मंडळी जो उपदेश हटकून करतात, तो म्हणजे अनोळखी माणसांशी बोलू नये हा. आणि तो इतक्या मायेने केलेला असतो की, त्याबरहुकूम वागल्यास प्रवासात दगडधोंड्यांखेरीज पाहण्याजोगे फारसे उरणार नाही, हे त्यांना सांगण्याचा धीर होत नाही. पाठीवर पिशवी टाकून मी बल्गेरियातील प्लोव्हदिव नगरीत काही काळ मुक्काम केला, तेव्हा मला लुबाडू पाहणारेही भेटले आणि घरी नेऊन जेवू घालणारेही भेटले. या दोहोंतील भेद जाणण्याची जी एक खूण तेथे माझ्या हाती लागली, ती पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावी, एवढाच या लेखनाचा हेतू.

नगरी फार प्राचीन. इ.स.पू. ३४२ मध्ये मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने ती जिंकून तिला आपले नाव दिले. तुर्की अमदानीत तीच फिलिबे झाली. १८७८ च्या बर्लिनच्या तहाने ती पूर्व रुमेलिया नामक प्रांताची राजधानी ठरली आणि १८८५ मध्ये तो प्रांत बल्गेरियात विलीन झाला. रेल्वे स्थानकापासून इव्हान वाझोव्ह रस्त्याने चालत निघाले म्हणजे त्सार सिमेओन उद्यान लागते, आणि पुढे ज्या हमरस्त्यावरून लोक सायंकाळी रमतगमत फिरत असतात, त्याच्या पोटात रोमनांचे सुमारे २४० मीटर लांबीचे क्रीडांगण गाडलेले आहे, ज्याचे केवळ उत्तरेकडील अर्धवर्तुळाकार टोक जुमाया मशिदीसमोर उघडे दिसते. तेथून वर जुन्या गावाची चढण सुरू होते. वरच्या मजल्याचे सज्जे रस्त्यावर झुकलेले रंगीत वाडे, त्यांतील १८४७ चा कुयुमजिओग्लू यांचा वाडा, ज्यात आता लोकजीवनाचे संग्रहालय आहे, आणि पलीकडे रोदोपी पर्वताकडे तोंड करून बसलेले रोमन नाट्यगृह, हे सर्व पाहावेच. परंतु चाकांची पेटी घेऊन पाहू नये. या नगरीच्या सात टेकड्यांपैकी एक रस्त्यांच्या फरसबंदीसाठी फोडून काढली म्हणतात, आणि जुन्या गावातील गोटे तर असे ओबडधोबड की पाऊस पडून गेल्यावर चांगल्या तळव्याचे बूट असूनही भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

आता माणसांविषयी. क्रीडांगणाच्या उघड्या टोकापाशी कठड्याला टेकून मी उभा असता एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्याजवळ आले, अस्खलित इंग्रजीत त्यांनी माझे गाव, माझा व्यवसाय, माझा उतरण्याचा पत्ता आणि परतीचा दिवस, यांची अशी पद्धतशीर चौकशी केली की, एखाद्या कारकुनाने तक्ता भरून घ्यावा. आणि भारताविषयी अपार प्रेम व्यक्त करून, आपल्या मित्राच्या मद्यगृहात एक पेला घेतल्यावाचून सोडणार नाही, असा आग्रह धरला. आत गेल्यावर मी दरपत्रक मागितले, तेव्हा पाहुण्याने दर विचारणे हा आपला अपमान आहे, असे ते म्हणाले. थोड्याच वेळात आणखी दोघे आमच्या मेजाशी येऊन बसले. शेवटी एका कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने लिहिलेला जो आकडा माझ्यापुढे आला, त्यात त्या सर्वांचे पेले माझ्या नावे मांडलेले होते. मी आवाज न चढवता छापील पावती मागितली. तिला तिकडे ‘कासोवा बेलेझ्का’ म्हणतात, आणि सरकारदरबारी नोंद होणाऱ्या यंत्रातून ती देणे प्रत्येक दुकानदारास बंधनकारक आहे. हे दोन शब्द उच्चारताच गल्ल्यावरील इसमाने प्रथम त्या गृहस्थांकडे व मग छताकडे पाहिले, आणि यंत्रातून जी पावती निघाली तिच्यावर एकाच पेल्याची रक्कम होती. ती भागवून मी उजेडाच्या रस्त्याने बाहेर पडलो.

याच्या उलट प्रकार त्सार सिमेओन उद्यानातला. ही बाग १८९२ च्या औद्योगिक प्रदर्शनासाठी ल्युसिएन शेव्हालास या स्विस उद्यानतज्ज्ञाने सजवली होती. तिच्या सावलीत काही वृद्ध बुद्धिबळ खेळत बसत. बाकाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून, बसू का, असे मी खुणेने विचारले, तेव्हा त्यांतल्या एकाने पटावरून नजर न काढता मान आडवी हलवली. बल्गेरियात आडवी मान होकाराची असते आणि वर उचललेली मान नकाराची; आपल्याकडेही मान डोलावून रुकार देण्याची चाल असल्यामुळे मराठी माणसाला त्यात फार नवल वाटू नये. अडचण निराळीच आहे. परदेशी पाहुण्यांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, ते लोक आपल्या सोयीसाठी ही खूण उलटी करतात. म्हणून तिकिटाच्या खिडकीवर किंवा खाणावळीत मानेवर न विसंबता ‘दा’ किंवा ‘ने’ हे शब्द कानांनी ऐकून घ्यावेत.

त्या वृद्धांनी मला काहीही विचारले नाही. मीच रोज जाऊन बसू लागलो, त्यांच्या चुका मला दिसू लागल्या आणि माझे सुस्कारे त्यांना ऐकू जाऊ लागले, तेव्हा एके दिवशी पट माझ्यापुढे सरकवण्यात आला. मी हरलो, आणि त्या पराभवाने जो स्नेह जडला तो विजयाने जडला नसता. पुढे त्यांपैकी एकाने घरी बोलावले. अशा वेळी फुले न्यावीत, पण ती विषम संख्येची असावीत, कारण सम संख्येची फुले तिकडे प्रेतयात्रेस नेतात. टोमॅटो, काकडी आणि वर किसलेले पांढरे चीज अशी शोप्स्का कोशिंबीर पुढे येते, तिच्यासोबत राकिया नावाचे कडक फळमद्य. ते घोटाघोटाने, यजमानाच्या डोळ्यांत पाहून घ्यायचे असते. जो घेत नसेल त्याने पहिल्यासच स्पष्ट सांगावे. माझ्या शेजारच्या पाहुण्याने सांगितले, तर त्याला कुणी भरीस घातले नाही, ताकासारखे आयरान आणून दिले.

तेव्हा खूण ती एवढीच. जो मनुष्य आपल्या जागी, आपल्या उद्योगात गढलेला आहे, त्याच्याकडे आपण होऊन जावे. जो आपला उद्योग टाकून तुमच्याकडे आला आहे, त्याची खातरजमा करावी, आणि तो जागा बदलू म्हणाला तर विशेष करावी. हा नियम निरपवाद नाही, हेही कबूल केले पाहिजे. मी भलत्याच बसमध्ये चढत असता एका म्हातारीने बाही धरून मला खाली ओढले आणि योग्य थांब्यावर नेऊन उभे केले. तिला काही द्यावे म्हणून मी वळलो तो ती निघूनही गेली होती. पण तिने मला कोठे उतरला आहेस असे विचारले नव्हते, आणि तिच्या कोणा मित्राचे दुकानही वाटेत नव्हते. स्थानकाबाहेरच्या टॅक्सीवाल्यांचे मात्र तसे नाही. प्रत्येक गाडीच्या काचेवर दरपत्रक लावलेले असते, ते बसण्यापूर्वी वाचावे. एका गाडीवरचे नाव प्रतिष्ठित कंपनीशी मिळतेजुळते होते, आणि दर मात्र इतरांच्या कितीतरी पट. त्यासाठी सिरिलिक लिपी येणे अगत्याचे आहे. तिची तीस अक्षरे विमानात बसल्या बसल्या शिकून होतात, आणि आपल्या मुक्कामाचा पत्ता त्याच लिपीत लिहून खिशात ठेवता येतो.

मी गेलो तेव्हा लेव हे चलन होते. १ जानेवारी २०२६ पासून तेथे युरो चालतो, म्हणून कोणी मोड म्हणून लेवच्या नोटा हातावर ठेवल्यास त्या तत्काळ परत कराव्यात. पारपत्र कोणापाशीही तारण ठेवू नये. उतरण्याच्या ठिकाणी परदेशी पाहुण्याची नोंद करण्यासाठी ते दाखवावे आणि लगेच परत मागून घ्यावे. त्याची एक नक्कल निराळ्या खिशात असू द्यावी, कारण ते हरवल्यास भारतीय वकिलातीकडे सोफियाला जावे लागते, आणि सोफिया प्लोव्हदिवहून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे.