डोंगराला निघण्याआधी रक्त तपासा

आषाढ लागला की नागद्वारला जाणारी मंडळी दवाखान्यात डोकावू लागतात. गुडघा दुखतो, एखादी गोळी लिहून द्या. बीपीची गोळी तिथे एखाद दिवशी चुकली तर चालेल का? पट्टा कोणता घेऊ? प्रश्न रास्त आहेत. पण आपल्या भागातल्या माणसाने डोंगर चढण्याआधी जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो क्वचितच कुणी विचारतो: माझ्या रक्तात सिकलसेल आहे का? आणि परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, तर आपण जंगलात मुक्काम केला होता हे डॉक्टरला सांगायचेही बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आजचा लेख मुख्यतः या दोन गोष्टींसाठी आहे.

डोंगर आपल्याला नवा नाही. माघ पौर्णिमेला गोंदियावरून दरेकसाला उतरून कचारगडची गुहा गाठणारे, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीचा चौरागड चढणारे, नागपंचमीच्या दिवसांत सातपुड्याच्या ओल्या पायवाटांवरून नागद्वारला जाणारे लोक वडसा, कुरखेडा, आरमोरी, ब्रम्हपुरी भागात घरोघरी सापडतील. तरुण पोरे सुट्टीच्या दिवशी नागभीड तालुक्यातला पेरजागड, म्हणजे आपला सातबहिणीचा डोंगर, चढून येतात. आता केदारनाथ, अमरनाथ, मनालीकडचे ट्रेक यांचीही भर पडली आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. आपल्या मातीतल्या मुलांच्या छातीत दम आहे, याबद्दल शंका नको. पण ती मुले निवडून, तपासून, महिनोन्‌महिने सराव करून गेली होती. आपण मात्र तिकीट काढतो आणि निघतो.

सिकलसेलमध्ये होते ते असे. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या शरीरात ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा श्रम फार झाले की त्या विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा सुरू होतात. डोंगरावर या चारही गोष्टी एकाच दिवशी गाठ पडतात. उंचीवर हवा विरळ असते, घाम गेलेला असतो, धबधब्याखाली आंघोळ झालेली असते आणि पाय दिवसभर चाललेले असतात.

हा फक्त आदिवासींचा आजार आहे, हा समज मनातून काढून टाका. गोंड, माडिया, परधान यांच्याप्रमाणेच बौद्ध, तेली, कुणबी कुटुंबांतही तो आढळतो. रिपोर्टवर ‘एसएस’ असेल तर माणूस रुग्ण असतो, ‘एएस’ असेल तर वाहक. दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

एसएस असलेल्याने डोंगराचे नावच काढू नये, असे मी म्हणणार नाही. तब्येत स्थिर असेल, गेल्या काही महिन्यांत कळा येऊन भरती व्हावे लागले नसेल, तर ठरलेल्या डॉक्टरला विचारून पेरजागडसारखी लहान चढाई सावकाश करता येते. ओझे दुसऱ्याने घ्यावे. दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. पचमढी फार उंच नाही, धूपगड १,३५२ मीटर आहे, म्हणजे तिथे हवा त्रास देण्याइतकी विरळ होत नाही. तिथला धोका पावसात भिजण्याचा, थंड पाण्यात उतरण्याचा आणि उपाशीपोटी चालण्याचा आहे. कोरडा शर्ट आणि स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. श्रद्धेची आंघोळ करायचीच असेल तर तांब्याभर पाणी अंगावर शिंपडा, देव रागावत नाही. साधारण २,५०० मीटरच्या वरचा प्रवास मात्र एसएस रुग्णाने टाळावा. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि अमरनाथ त्याहूनही उंच. या दोन्ही यात्रांना माझा स्पष्ट नकार आहे.

एएस असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, आणि म्हणूनच गाफील राहतो. त्याने डोंगर जरूर चढावेत, फक्त दोन खुणा ओळखाव्यात. उंचावर गेल्यावर डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली आणि ती थांबेना, तर पानथरीचा रक्तपुरवठा अडला असण्याची शक्यता असते. तसेच खाली उतरायचे आणि दवाखाना गाठायचा. दुसरी खूण उन्हातली. सराव नसताना भरधाव चढताना किंवा पळताना पाय एकदम लुळे पडले, माणूस शुद्धीवर आहे पण उभा राहू शकत नाही, नंतर लघवी काळपट लाल झाली, तर तो साधा थकवा समजू नका. पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्या आमच्या मुलामुलींनाही मी हेच सांगतो. आपला पॅटर्न, म्हणजे एसएस, एएस की काहीच नाही, हे माहीत करून घ्या, सराव हळूहळू वाढवा, पाणी पीत राहा.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून सुरू झाली. तेव्हापासून तपासणीला जोर आला आहे. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर एसएस की एएस हे ठरवण्यासाठी पुढची तपासणी होते. पहिल्याच चाचणीवर थांबून ‘थोडंसं आहे’ असे सांगत फिरणारे खूप भेटतात. थोडेसे म्हणजे काय, ते पुढचा रिपोर्ट सांगतो. तो घ्या.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी, सिकलसेल नसला तरी, एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती असावी, असा नियम आहे. गौरीकुंड साधारण २,००० मीटरवर आहे. तिथून एका दिवसात केदारनाथ गाठून मुक्काम करणारा माणूस एका फेरीत पंधराशे मीटरहून जास्त चढतो. त्याला डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हा त्रास झाला तर नवल नाही. डोके दुखत असताना आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागू लागली, खोकल्यातून फेस आला, चालताना झोक जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असो वा पाऊस, त्याला खाली आणायचे. ऑक्सिजनचा छोटा डबा त्या उतरण्याच्या वाटेपुरता असतो, वर थांबण्यासाठी नाही. उंचीच्या त्रासावरची अॅसिटाझोलामाइडची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना आणि सिकलसेलवाल्यांना ती विचारूनच घ्यावी लागते.

आता पावसाळा. आपला गडचिरोली जिल्हा राज्यात मलेरियासाठी ओळखला जातो, आणि भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या पट्ट्यात मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपॅरम मोठ्या प्रमाणात आहे. तो पावसाबरोबर वाढतो आणि दिवाळीनंतरच्या थंडीतही पाठ सोडत नाही. सिकलसेल आणि मलेरिया यांचे नातेही जुने आहे. एएस असलेल्यांना गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. पण एसएस रुग्णाला तोच मलेरिया फार जड जातो.

डास चावल्यानंतर ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. तोपर्यंत माणूस घरी येऊन धान रोवणीला लागलेला असतो आणि ताप चिखलात भिजल्यामुळे आला असे समजतो. मग एक सलाइन, एक इंजेक्शन, विडाल चाचणी करून ‘टायफॉइड निघाला’ म्हणत आठवडा जातो. फॅल्सिपॅरमला तेवढा वेळ द्यायचा नसतो. जंगलातून आल्यावर महिनाभरात ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. आशाताईंकडे मलेरियाचे किट असते, बोटाच्या एका थेंबात पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते. उत्तर ‘नाही’ आले आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. तोवर फक्त पॅरासिटामॉल घ्या. दुखण्याच्या इतर गोळ्या-इंजेक्शने नकोत, कारण तो डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. मलेरियाच्या गोळ्या मिळाल्या तर ताप उतरला तरी कोर्स पूर्ण करा.

बाहेरगावचे पाहुणे हेमलकसा, भामरागड बघायला येतात आणि सोबत आपली मुलेही जातात. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचे मलम हवेच. मलेरिया नसलेल्या भागातून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला डॉक्सीसायक्लिन देता येते. ती निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची असते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत.

याच दिवसांतला दुसरा ताप स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याने बरेच बळी घेतले, ते अनेकांना आठवत असेल. झुडपांत, गवतात राहणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. चावलेल्या जागी लालसर कडांची, न दुखणारी काळी खपली येते. ती काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, नाडी बांधतो त्या पट्ट्यात लपलेली असते आणि रुग्णाला ती दिसलेलीच नसते. घरच्यांनी कपडे बाजूला करून नीट पाहावे आणि डॉक्टरला दाखवावे, लाजू नये. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो. गवतावर थेट बसू-झोपू नका, ओले कपडे झुडपावर वाळत घालू नका, आणि मुक्कामावर आल्यावर साबणाने अंघोळ करा.

यात्रेत जमिनीवर झोपणे ओघानेच येते. मण्यार रात्री, झोपेत चावते आणि चावा जाणवतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. ‘शिळे अन्न बाधले’ म्हणून वेळ घालवू नका, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची ही लक्षणे सर्पदंशाची समजूनच निघा. घोणस, जिला आपल्याकडे परड म्हणतात, चावली तर सूज आणि रक्तस्राव दिसतो. अशा वेळी आम्ही थोडे रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतो. नळी तिरपी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात भिनले आहे हे कळते आणि प्रतिविष लगेच सुरू होते. ही साधी तपासणी लहान सरकारी दवाखान्यातही होऊ शकते. तुमचे काम एवढेच: दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, माणसाला चालवू नका. हातपाय मोडल्यावर बांधतो तसा काठीने आधार द्या आणि १०८ ला फोन लावा. पुजाऱ्याकडे न्यायचे असेल तर त्यांना गाडीत सोबत घ्या, पण गाडी दवाखान्याकडेच वळवा.

हिवाळा आपल्या डोंगरांसाठी सर्वांत चांगला. तेव्हा काळजी दोनच: कड्यांवरची आग्या मोहळे आणि बंद जागेतली शेकोटी. मोहळाखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून दूर पळा आणि काटे नखाने खरवडून लगेच काढा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडू लागला तर थेट दवाखाना. तंबूत किंवा बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातल्या वासहीन वायूने माणूस झोपेतच दगावतो.

उन्हाळ्याबद्दल माझे मत ठाम आहे. नदीपलीकडच्या ब्रम्हपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात पहाटे चढा असे कोणीही सांगेल, पण आपल्या जंगलात पहाट वाघाची असते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वडसा वनक्षेत्रात पकडलेल्या सीटी-१ या वाघाने तेरा जणांचा जीव घेतला होता. म्हणून एप्रिल-मे मध्ये हौसेसाठी इथल्या डोंगरावर जाऊ नका. मोहफूल आणि तेंदूपत्त्यासाठी ज्यांना जावेच लागते त्यांनी टोळीने जावे, दहाच्या आत परतावे, सोबत पाणी आणि आंबील ठेवावी. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे, अर्धे-अर्धे नाही. उन्हाने माणूस बरळू लागला तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः शुगर आणि बीपी असणाऱ्यांनी, चौरागडाच्या सुमारे १३०० पायऱ्यांचा नवस बोलण्याआधी महिनाभर रोज पाऊण तास चालून पाहावे. जिना चढताना छाती भरून येत असेल तर आधी ईसीजी काढा. शुगरमुळे तळपाय बधिर झालेल्यांनी अनवाणी चालू नये. खडा रुतल्याचे कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

निघताना एका कागदावर नाव, वय, रक्तगट, सिकलसेलचा पॅटर्न, चालू गोळ्या, अॅलर्जी आणि घरचा फोन नंबर लिहून तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवा. मोबाइलची रेंज डोंगरात जाते. पॅटर्न अजून माहीत नसेल तर या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात या, सिकलसेलच्या तपासणीला पैसे लागत नाहीत.