खंड्याचा दुखरा पाय

कुत्र्याच्या लंगडण्याविषयी त्याच्या धन्याने दिलेली कैफियत प्रामाणिक असली तरी विश्वसनीय असतेच असे नाही, हे विधान मी महसूल खात्यात उभी हयात इतरांचे जबाब लिहून घेतलेला मनुष्य या नात्याने करीत आहे. आटगावच्या आमच्या घरचा खंड्या गेल्या पावसाळ्यात लंगडू लागला, तेव्हा डावा पाय पडताक्षणी त्याचे डोके खाली जाते हे पाहून पुढचा डावा पायच दुखत असल्याची साक्ष घरातील सर्वांनी एकमुखाने दिली. शहराकडील ज्या दवाखान्यात त्यास नेले, तेथील गुळगुळीत फरशीवर अनोळखी वासांनी भेदरलेला तो प्राणी लंगडणेच विसरला. तेव्हा आमच्याच जबानीवर भिस्त ठेवून डाव्या पायाचा एक्स-रे निघाला, तो निर्दोष ठरला, आणि दुखणे जागच्या जागी राहिले.

पुढे सुटीत आलेल्या भाच्याने गावातील सिमेंटच्या रस्त्यावर त्याची चाल मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपली. “मामा, पाय नका बघू, मान बघा,” असे म्हणून त्याने दाखविले ते असे की, उजवा पंजा टेकताना खंड्या मान वर उचलून त्या पायावरचा भार हलका करीत होता, आणि निरोगी डाव्यावर मात्र निःशंकपणे डोके खाली सोडीत होता. कुत्र्याच्या देहाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून मानेची ही हालचाल इतकी बोलकी ठरते. ते चित्रण पाहून डॉक्टरांनी उजवे कोपर दुमडताच खंड्या गुरगुरला. सांध्याची झीज झाल्याचे निष्पन्न झाले.

डोळ्यांची ही फसगत जुनीच आहे. दौडणाऱ्या घोड्याचे चारी पाय एकाच वेळी अधांतरी असतात की नाही, हा वाद एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली कॅलिफोर्नियात ओळीने १२ कॅमेरे मांडून मिटविला, आणि तोवर पाय पुढे-मागे ताणलेले घोडे रंगविणारे नामांकित चित्रकारही चुकीचे ठरले. आज सेकंदाला २४० चित्रे टिपणारा फोन खेड्यापाड्यांतही खिशात असतो. ती ३० च्या गतीने पाहिली म्हणजे एका सेकंदाची चाल आठ सेकंद न्याहाळता येते.

तथापि चित्रण कसेही करून भागत नाही. फोन कुत्र्याच्या कोपराच्या उंचीवर धरावा, त्यासाठी खाली बसावे लागले तरी बेहत्तर. साखळी सैल असावी, कारण ताणलेली साखळी मानेची साक्षच दडपते. बाजूने, समोरून आणि मागून, आधी संथ चालीत व मग दुडकीत, घसरण नसलेल्या सपाट जागी दिवसाउजेडी टिपावे. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. मागचा पाय दुखत असल्यास कमरेकडे लक्ष द्यावे, दुखऱ्या बाजूचा खुबा अधिक वरखाली होतो. येथे एक मेख आहे: दुडकीत तिरप्या जोडीचे पाय एकत्र पडत असल्यामुळे मागचा डावा दुखत असता मान अशी हलते की पुढचा डावाच दुखतो असा भास व्हावा. मागची नखे जमिनीवर घासून झिजत असतील तर दुखणे मज्जारज्जूचे असण्याचाही संभव असतो, आणि तेथे दिरंगाई नको.

साध्या गतीचे चित्रणही सोबत न्यावेच, कारण अतिसंथ चित्रात धडधाकट कुत्राही लंगडा वाटू लागतो. शिवाय चित्रणावरून पाय कळतो, रोग कळत नाही. तो हाताने तपासूनच ठरतो. तपासणीपूर्वी दया येऊन घरातील माणसांची आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅकची गोळी मात्र कोणी कुत्र्यास चारू नये. तिने जठरास व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि प्रसंगी कुत्रा प्राणासही मुकतो.